बाबांच्या डीटीपीच्या मशीनवर विंडोज एक्सपी पहिल्यापासून टाकायचं आहे, मदत हवी

अक्षरजुळणी | शुक्रवार, रात्री १०.२०

नमस्कार मंडळी,

प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय उत्तर देता येणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

नारायण पेठेत बाबांचं अक्षरजुळणीचं, म्हणजे डीटीपीचं, छोटं ऑफिस होतं. १९९६ पासून २०१४ पर्यंत. लग्नपत्रिका, गणेश मंडळांचे अहवाल, दोन दिवाळी अंक आणि आमच्याच घराण्याचा कुलवृत्तांत. ऑफिस बंद केलं तेव्हा सगळं विकलं, एक मशीन मात्र घरी आणलं. २००७ साली जोडून घेतलेलं: ९४५ चिपसेटचा बोर्ड, पेंटियम ड्युअल कोअर, १ जीबी डीडीआर२ रॅम, ८० जीबीची सॅटा डिस्क, एक्सपी सर्व्हिस पॅक २. त्यावर पेजमेकर ७ (पानं जुळवायचा प्रोग्रॅम) आणि मराठी फॉन्टचं पॅकेज. पॅकेजचा डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, मागच्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला लागतो.

दिवाळीपासून मशीन धड सुरू होत नाही. कधी निळा स्क्रीन, कधी नुसतीच काळी पाटी. डिस्कमधून टक टक आवाज येतो. घड्याळ दर वेळी १ जानेवारी २००२ दाखवतं. जवळच्या एका दुकानात नेलं तर 'फॉरमॅट मारून विंडोज १० टाकून देतो' म्हणाले. मी मशीन उचलून परत आणलं.

कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचं घराण्याच्या मंडळाने ठरवलंय. पहिली २००४ सालची, ६१२ पानांची. एकेका शाखेची एक, अशा २४ फाइली या मशीनवर आहेत. काही फाइली मी माझ्या लॅपटॉपवर उघडून पाहिल्या तर एकही अक्षर मराठी नाही, नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. बाबा ७४ वर्षांचे आहेत. ते म्हणतात, 'मशीन चालू करून दे, बाकी मी बघतो.'

एक्सपी नव्याने टाकायचं तर कुठून सुरुवात करू?

•

तपकीरगल्ली | शुक्रवार, रात्री १०.५५

ताई, सगळ्यात आधी मशीनची वायर काढून ठेवा. आत्ता. उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल.

हार्डवेअरमध्ये माझी वीस-बावीस वर्षं गेलीत. टक टक म्हणजे हेड वाचायला जातंय, जमत नाही म्हणून परत फिरतंय. दर वेळी चालू कराल तेवढं डिस्कचं उरलेलं आयुष्य कमी होणार. दुकानातून मशीन उचलून आणलंत ते फार चांगलं केलंत. फॉरमॅट हा शब्द पुढचे आठ दिवस काढायचा नाही. आणि विंडोजची डिस्क तपासणारी चेकडिस्क चालवायचा मोह होईल, तोही टाळा. ती दुरुस्तीच्या नावाखाली डिस्कवर लिहायला जाते आणि खराब होत आलेल्या डिस्कवर लिहिणं म्हणजे जे वाचलंय तेही घालवणं.

डिस्क बाहेर काढा. सॅटा-यूएसबी अडॅप्टर तपकीर गल्लीत कुठल्याही दुकानात मिळेल. तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, पण तो कॉम्प्युटर पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू करा. विंडोज नको, विंडोज डिस्क दिसली की लगेच तिच्यावर काहीतरी लिहायला लागतं. लिनक्समध्ये डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे. तो आधी चांगला भाग भराभर उचलतो, अडलेल्या जागा सोडून पुढे जातो आणि शेवटी त्या जागांकडे परत येतो. कुठवर आलो याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतो, म्हणजे मध्ये थांबवलं तरी काम वाया जात नाही. अख्ख्या डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, घ्या. नुसत्या फाइली कॉपी करत बसू नका.

घड्याळ मागे जातंय ती बोर्डावरची सीआर२०३२ बॅटरी संपली. ती बदला. मामुली खर्च आहे.

•

बिनतारी | शुक्रवार, रात्री ११.३०

मनापासून विचारतोय, खरं मशीनच का हवं? व्हर्च्युअलबॉक्समध्ये (कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्रॅम) एक्सपी सुरेख चालतं. इमेज घेतलीच आहे तर लॅपटॉपवरच उघडा. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. जुन्या लोखंडावर परत तेच टाकण्यापेक्षा हे सुरक्षित नाही का? आणि त्या मशीनवर हलकं लिनक्स टाकलं तर ते घरात आणखी पाच वर्षं कामाला येईल.

•

अक्षरजुळणी | शनिवार, सकाळी ७.४०

तपकीरगल्ली, वायर रात्रीच काढली. खूप आभार.

बिनतारी, मलाही तेच सुचलं होतं. अडचण डोंगलची आहे. तो यूएसबीचा नाही, जुन्या प्रिंटर पोर्टचा आहे आणि माझ्या लॅपटॉपला ते पोर्टच नाही. डोंगल दिसला नाही तर फॉन्टचं पॅकेज उघडतच नाही. शिवाय बाबांचा कीबोर्ड. त्यांचा लेआउट त्या पॅकेजमध्ये आहे आणि त्यांच्या बोटांत आहे, तिसरीकडे कुठेच नाही.

•

पेजमेकर_९८ | शनिवार, सकाळी ९.१५

हा धागा वाचून सकाळ चांगली गेली. अप्पा बळवंत चौकाच्या मागे मीही १९९८ पासून पेजमेकरच केलं. तुमच्या बाबांना माझा नमस्कार सांगा.

लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरं दिसतात यात फाइलीचा काही दोष नाही. आपण तेव्हा जे मराठी टाइप करायचो ते कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागांवर फॉन्टवाल्यांनी देवनागरीचे तुकडे बसवले होते. अर्धा क एका जागी, काना दुसऱ्या जागी, रफार तिसऱ्या. कुठला तुकडा कुठे, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या एकाच पद्धतीत देवनागरीला स्वतःच्या जागा आहेत, पण पेजमेकर युनिकोडला कधी आलाच नाही. ७ ही त्याची शेवटची आवृत्ती, २००१ सालची. म्हणजे फॉन्ट गेला की मजकूर गेला.

म्हणून इमेजमधून नुसत्या फाइली काढून भागणार नाही. हे सगळं उचला:

विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डर अख्खं. त्यात बाबांनी कधीतरी दुसऱ्या ऑपरेटरकडून आणलेले दोन-चार सुटे फॉन्टही असतील आणि नेमके तेच शीर्षकांना वापरलेले असतील. पॅकेजचं फोल्डर, त्यातल्या कीबोर्डच्या फाइलींसकट. पेजमेकरचं फोल्डर. आणि मूळ प्रिंटरचा पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर कुठला होता याची नोंद. पेजमेकर पान जुळवतो ते प्रिंटर धरून. प्रिंटर बदलला तर तो पान नव्याने जुळवू का विचारतो. हो म्हणालात तर ओळी सरकू शकतात. ६१२ पानांत ओळ सरकली तर सूचीतले सगळे पानक्रमांक चुकले.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. फॉन्ट सापडला नाही की पेजमेकर बदली फॉन्टांची यादी दाखवतो. तिथे ओके करून फाइल सेव्ह करू नका. कॅन्सल करा आणि आधी फॉन्ट टाका.

•

अक्षरजुळणी | रविवार, रात्री ९.०५

इमेज झाली!

काल दुपारी चारला लावलं ते आज पहाटे तीनपर्यंत चाललं. पहिल्या दोन तासांतच ९० टक्क्यांच्या वर वाचून झालं, बाकीचा वेळ उरलेल्या अडलेल्या जागांवर गेला. शेवटी साधारण ३ एमबी वाचता आलं नाही. २४ च्या २४ फाइली मिळाल्या. फॉन्ट २११ निघाले. बाबांना यादी वाचून दाखवली तर त्यातले चाळीसेक फॉन्ट कुठल्या कामाला वापरले तेही त्यांनी सांगितलं.

मॉनिटरच्या डाव्या कडेला चिकटवलेला एक कागद आहे, त्याचाही फोटो काढला. द्ध, ह्म, ङ्क, त्त्व, श्र अशी जोडाक्षरं आणि प्रत्येकापुढे ऑल्ट दाबून मारायचे चार आकडे. कागद पिवळा पडलाय, पण अक्षर अजून खणखणीत आहे.

आता पुढे काय? घरात एक्सपीची मूळ सीडी आहे, सर्व्हिस पॅक २ ची. कॅबिनेटवरच्या स्टिकरवरची प्रॉडक्ट की पुसट झाली आहे, पाच गटांपैकी दोन वाचताच येत नाहीत.

•

तपकीरगल्ली | रविवार, रात्री १०.३०

झकास. आता जीव भांड्यात पडला. आता इन्स्टॉलेशन, सावकाश वाचा.

की. जुन्या इमेजमधल्या रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत) ती असते, की वाचणारे छोटे प्रोग्रॅम ती काढून देतात. स्टिकरवरच्या वाचता येणाऱ्या तीन गटांशी ताडून बघा. स्टिकरची की ओईएम (मशीनबरोबर येणारी) असते आणि ती ओईएम सीडीवरच चालते. दुकानातून वेगळी विकत घेतलेली रिटेल सीडी ती घेत नाही. तुमची सीडी मशीनबरोबर आलेली असेल तर प्रश्न नाही. तसंच सिस्टिम३२ फोल्डरमधली डब्ल्यूपीए डॉट डीबीएल ही फाइल बाजूला ठेवा. अ‍ॅक्टिव्हेशनची नोंद तिच्यात असते. मशीन तेच, की तीच, बदलली फक्त डिस्क, तर ती फाइल जागेवर ठेवली की अ‍ॅक्टिव्हेशन टिकतं.

सीडी. एनलाइट नावाच्या प्रोग्रॅमने मूळ सीडीत सर्व्हिस पॅक ३ मिसळून घ्या. हा २००८ चा, शेवटचा. वेगळा टाकत बसण्यापेक्षा हे बरं. एनलाइट आणखी शंभर गोष्टी काढून टाकू का विचारेल. काहीही काढू नका. हलकं करायच्या नादात लोक छपाई सांभाळणारा प्रिंट स्पूलर काढतात आणि मग पेजमेकर रुसतो. सीडी कमीत कमी वेगाने लिहा, जुने ड्राइव्ह भरभर लिहिलेल्या सीडीवर अडखळतात.

डिस्क. १२० जीबीची एसएसडी घ्या, त्या बोर्डाला सॅटा आहे. पण एक्सपीला पार्टिशन करू देऊ नका. एक्सपी पार्टिशन ६३ व्या सेक्टरपासून सुरू करतं. एसएसडीचा हिशेब ४ केबीच्या पटीत असतो, त्यामुळे एका तुकड्याच्या जागी दोन लिहावे लागतात. लिनक्समधून २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे १ एमबीपासून पार्टिशन करून एनटीएफएसने फॉरमॅट करा. एक्सपीला ट्रिमही (पुसलेल्या जागा एसएसडीला कळवणं) कळत नाही, तेव्हा शेवटचे २० जीबी मोकळे सोडा. सेटअपमध्ये 'आहे ती फाइल सिस्टिम तशीच ठेवा' हा पर्याय घ्या.

मग सेटअप. काळ्या स्क्रीनवर 'सीडीवरून सुरू करायला कुठलीही कळ दाबा' येईल, तिथे एकदाच दाबा. मशीन पुन्हा सुरू झाल्यावर तीच ओळ परत येईल तेव्हा हात लावू नका, नाहीतर पहिल्यापासून सुरू होईल. निळ्या स्क्रीनवर एफ८ दाबून करार मान्य करायचा. मग ३९ मिनिटांची पाटी येते. एसएसडीवर तेवढी लागत नाहीत.

नेटची वायर लावायची नाही. अजिबात.

•

कोथरूडचा_संगणक | रविवार, रात्री ११.१०

थोडी भर. लॅपटॉपवर हेच करणाऱ्यांनी लक्षात ठेवा: सेटअप सुरू होताच स्टॉप ७बी असा निळा स्क्रीन आला तर डिस्क एएचसीआय या नव्या मोडमध्ये आहे. एक्सपीच्या सीडीत तो ड्रायव्हर नाही. पूर्वी एफ६ दाबून फ्लॉपीवरून द्यायचे. आता बायोसमध्ये (बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) आयडीई किंवा कंपॅटिबल मोड करा, नाहीतर एनलाइटने ड्रायव्हर मिसळा. धागाकर्तीच्या बोर्डावर साधा आयसीएच७ चिप असेल तर त्यात एएचसीआय नाहीच, ही भानगड येणार नाही.

•

पेशवेपार्क | सोमवार, सकाळी ८.००

वाचनखूण साठवली आहे. माझ्या सासऱ्यांच्याही अशा ४० सीडी आहेत.

•

अक्षरजुळणी | बुधवार, रात्री ११.५०

तीन दिवसांचा हिशेब देते.

सोमवारी बॅटरी, एसएसडी आणि कोऱ्या सीडी बुधवार पेठेतून आणल्या. पहिली सीडी अर्ध्यात 'फाइल कॉपी करता येत नाही' म्हणून अडली, दुसरी सगळ्यात कमी वेगाने लिहिली आणि ती चालली. ड्रायव्हर टाकताना चिपसेटचा आधी, मग ग्राफिक्स, मग साउंड असा क्रम ठेवला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये एक पिवळं प्रश्नचिन्ह उरलं. त्याच्या हार्डवेअर आयडीत कंपनीचा क्रमांक ८०८६ होता, म्हणजे इंटेल, हे शोधून कळलं. मग ड्रायव्हर सापडला.

एक्सपीचा तो हिरवा डोंगर आणि निळं आभाळ दिसलं तेव्हा बाबा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले.

फॉन्टचं पॅकेज मूळ सीडीवरून टाकलं, डोंगलचा ड्रायव्हर टाकला, डोंगल लावला. चालू केलं तर एकच ओळ: डोंगल सापडला नाही. डोंगल काढून, पिना कोरड्या ब्रशने साफ करून परत लावला. ड्रायव्हर दोनदा काढून टाकला. दुसरा युजर करून पाहिला. तेच. बाबा काही बोलले नाहीत, उठून आत गेले.

डोंगलच गेला असेल तर सगळंच संपलं. कुणाला काही सुचतंय का?

•

तपकीरगल्ली | गुरुवार, सकाळी ६.४५

डोंगल गेला असं लगेच धरू नका, तो बॅटरीवर चालत नाही. पण बोर्डाची बॅटरी संपली होती ना? ती संपली की नुसतं घड्याळ जात नाही, बायोसमधली सगळी सेटिंगं मूळपदावर येतात. प्रिंटर पोर्टचंसुद्धा. पूर्वी कुणीतरी डोंगलसाठी तिथे मोड बदलून ठेवलेला असणार.

बायोसमध्ये इंटिग्रेटेड पेरिफेरल्समध्ये जा. पॅरलल पोर्ट चालू आहे का, पत्ता ३७८ आहे का आणि मोड कुठला आहे ते बघा. ईसीपी असेल तर ईपीपी करा, तरी नाही जमलं तर साधा एसपीपी.

•

अक्षरजुळणी | गुरुवार, सकाळी ८.१०

पत्ता ३७८ होता, मोड ईसीपी होता. ईपीपी केला. सापडला!!

बाबांना हाक मारली. पेजमेकर उघडला. फॉन्ट आधीच टाकून ठेवले होते, प्रिंटरचा जुना ड्रायव्हरही. शाखा क्रमांक ७ ची फाइल उघडली. दोन-तीन सेकंद पांढरं पान दिसलं आणि मग वरून खाली मराठी भरत गेली. मथळा, वंशवृक्षाच्या रेघा, नावं.

बाबांनी कीबोर्ड पुढे ओढला. पहिलं वाक्य खाली न बघता टाइप केलं. दुसऱ्या वाक्यात 'तत्त्व' शब्द आला तेव्हा डावा अंगठा आपोआप ऑल्टवर गेला. कागदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मग पान ३१४ वर गेले आणि एका नावावर बोट ठेवून म्हणाले, 'ही चूक छापून गेली होती. या बाईंचं माहेर बर्व्यांचं. मी कर्वे टाकलं. एकवीस वर्षं डोक्यात आहे.'

•

पेजमेकर_९८ | गुरुवार, सकाळी ८.४०

डोळ्यांत पाणी आलं. चूक छापून गेली की ती कशी मनात राहते ते हे काम केलेल्यालाच कळतं.

•

बिनतारी | गुरुवार, दुपारी १.१५

मनापासून अभिनंदन. खरं मशीन का हवं ते आता कळलं. आता मशीन चपळ करायचं असेल तर थीम बंद करून क्लासिक करा, नको त्या सर्व्हिस बंद करा आणि दर आठवड्याला प्रीफेच फोल्डर रिकामा करा.

•

तपकीरगल्ली | गुरुवार, रात्री ९.२०

बाकी बरोबर, प्रीफेच सोडून. तो रिकामा केला की पुढच्या वेळी प्रोग्रॅम उलट हळू उघडतात, कारण कुठल्या फाइली आधी वाचायच्या याची नोंदच तुम्ही पुसलेली असते. आणि तो फुगतही नाही, एक्सपी १२८ च्या वर नोंदी ठेवत नाही. हा सल्ला वीस वर्षं फिरतोय, आता थांबला पाहिजे.

या मशीनवर मी एवढंच करेन. ऑटोमॅटिक अपडेट्स, एरर रिपोर्टिंग, रिमोट रजिस्ट्री आणि इंडेक्सिंग बंद. व्हिज्युअल इफेक्ट्स सगळे काढून फक्त क्लिअरटाइप ठेवायचा, देवनागरीची शिरोरेषा एलसीडीवर नीट दिसते. पेजिंग फाइलचा आकार ठरावीक. पॅरलल पोर्ट आणि प्रिंट स्पूलरला हात नाही. रॅम आणखी १ जीबी मिळाली तर घाला, जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी डीडीआर२ अजून मिळते. पण तिथून घेतलेली रॅम रात्रभर मेमटेस्टवर (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) लावल्याशिवाय तिच्यावर काम करू नका.

आणि ड्राइव्ह लावताच त्यातला प्रोग्रॅम चालवणारा ऑटोरन सगळ्या ड्राइव्हसाठी बंद करा. ते का, हे डीटीपीवाल्यांना सांगायला नको. गिऱ्हाईक पेन ड्राइव्ह घेऊन यायचं आणि संध्याकाळपर्यंत ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर फोल्डरच्या चित्राचा व्हायरस.

सगळं मनासारखं झालं की या स्थितीची एक इमेज काढून ठेवा. पुन्हा हे तीन दिवस घालवायला नकोत.

•

कोथरूडचा_संगणक | गुरुवार, रात्री १०.००

नेटबद्दल मी जरा कडक बोलणार आहे. ऑगस्ट २००३ मध्ये ब्लास्टर आला तेव्हा पॅच नसलेलं एक्सपी नुसतं नेटला लावलं तरी काही मिनिटांत लागण व्हायची. मे २०१७ च्या वॉनाक्रायच्या वेळी सपोर्ट संपून तीन वर्षं झाली असूनही मायक्रोसॉफ्टला एक्सपीसाठी पॅच काढावा लागला. हे मशीन नेटवर न्यायचं काही कारणच नाही. न्यायचं म्हटलं तरी आजच्या बहुतेक साइट त्यातल्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडत नाहीत.

एक बारकावा. लॅन कार्ड बायोसमधून बंद करू नका, नुसती वायर काढा. अ‍ॅक्टिव्हेशनच्या हिशेबात लॅन कार्डाला सगळ्यात जास्त वजन आहे. ते गायब झालं तर हार्डवेअर बदललं असं धरलं जाऊ शकतं.

•

अक्षरजुळणी | शनिवार, सायंकाळी ६.३०

सगळं केलं, इमेजही काढली. मशीन आता साधारण अर्ध्या मिनिटात सुरू होतं. प्रीफेच तसाच ठेवला.

एक गंमत दिसली. एक्सपीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा पर्याय टिकमार्क करून युनिकोड मराठीही चालू केली. नोटपॅडमध्ये मंगल फॉन्टने मजकूर छान दिसतो, पण माझ्या लॅपटॉपवरून आणलेल्या फाइलीत जिथे जिथे 'ॲ' आहे तिथे चौकोन.

•

पेजमेकर_९८ | शनिवार, सायंकाळी ७.१०

कारण हे ॲ अक्षर स्वतंत्र म्हणून युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी आपण अ वर चंद्र देऊन भागवायचो. रुपयाचं चिन्ह तर ठरलंच २०१० मध्ये. २००१ च्या फॉन्टात ते कुठून असणार? नवा युनिकोड फॉन्ट टाका, बहुतेक काम होईल.

आता मुख्य मुद्दा. दुसरी आवृत्ती पेजमेकरमध्येच करणार की युनिकोडमध्ये नेणार? पेजमेकरच्या जागी आलेलं इनडिझाइन सीएस६ पर्यंत पेजमेकरच्या फाइली उघडायचं, पुढच्या आवृत्त्यांनी ते काढून टाकलं. पण तिथे नेलं तरी फॉन्ट जुनाच राहतो. पुढच्या पिढीला नावं शोधता यायला हवी असतील तर युनिकोड हवंच. कन्व्हर्टर मिळतात, पण ऱ्हस्व वेलांटी आणि रफार नीट तपासा. जुन्या फॉन्टात 'किरण' लिहिताना वेलांटी क च्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती क च्या नंतर येते. रफाराचं उलटं: आपण अक्षर झाल्यावर वर रफार द्यायचो, युनिकोडमध्ये र आधी यावा लागतो. कन्व्हर्टर जोडाक्षरापाशी नेमका इथेच चुकतो. 'कर्वे'चं 'कवेर्' होतं. आडनावांच्या पुस्तकात हे परवडणार नाही.

•

बिनतारी | शनिवार, रात्री ९.४५

इथे मला मदत करता येईल. ६१२ पानं डोळ्यांनी दोनदा वाचण्यापेक्षा एक सुचवतो.

पेजमेकरमधून प्रत्येक शाखेची पीडीएफ काढा, फॉन्ट आत बसवून. तीच छापाची प्रत. त्या पीडीएफमधला मजकूर कॉपी केला तर कचरा येईल, ते सोडून द्या. पानांची ३०० डीपीआय चित्रं काढा आणि टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्रॅम) वाचून घ्या, त्याला मराठी येतं. हा झाला एक मजकूर. कन्व्हर्टरने काढलेला दुसरा. दोन्ही ओळीला ओळ लावून फक्त फरक असलेल्या जागा दाखवायच्या. कन्व्हर्टर चुकतो क्रमात, टेसरॅक्ट चुकतो सारख्या दिसणाऱ्या अक्षरांत, म्हणजे घ-ध, भ-म. दोघं एकाच जागी सारखेच चुकतील असं फार क्वचित होईल. राहिलेले फरक बाबांनी बघावेत.

फरक दाखवणारी स्क्रिप्ट मी लिहून देतो. शाखा ७ ची पीडीएफ आणि कन्व्हर्टरचा मजकूर तेवढा पाठवा.

•

अक्षरजुळणी | रविवार, सकाळी ११.००

बिनतारी, पाठवलं. बाबा विचारतायत की फरकांची यादी कागदावर मोठ्या टायपात मिळेल का, स्क्रीनवर त्यांना प्रूफ वाचवत नाही. लाल पेन आणून ठेवलंय त्यांनी.

•

बिनतारी | रविवार, दुपारी ४.२०

शाखा ७ झाली. २६ पानं, १४३ फरक. १८ पॉइंटात छापायला दिली आहे, संध्याकाळी नारायण पेठेत घरी आणून देतो. पान ३१४ वरचं कर्वे दोन्हीकडे कर्वेच आलंय, ते बाबांनी हाताने बदलायचं आहे.